बारावीनंतर सार्वजनिक आरोग्याची पदवी : वाचकांच्या पत्रांना उत्तरे

बारावीचे निकाल आणि नीटचे गुण लागोपाठ हाती येतात, तेव्हा या सदराकडे येणाऱ्या पत्रांची संख्या दुप्पट होते. या वेळी त्यांतील बरीच पत्रे एकाच पदवीविषयी आहेत. काही विद्यापीठे तिला बॅचलर ऑफ पब्लिक हेल्थ म्हणतात, काही बी.एस्सी. सार्वजनिक आरोग्य. महाराष्ट्रात हा विषय आजवर बहुतांशी पदव्युत्तर पातळीवर, म्हणजे एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) म्हणून शिकवला जात असे, आणि आता तो बारावीनंतर लगेच शिकण्याचीही सोय काही ठिकाणी झाली आहे. आलेल्या पत्रांपैकी सहा येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझ्या मुलीने दोनदा नीट दिली. शासकीय महाविद्यालयात एमबीबीएसला प्रवेश मिळेल इतके गुण नाहीत आणि खासगी महाविद्यालयाचे शुल्क आमच्या आवाक्याबाहेर आहे. एका विद्यापीठाच्या समुपदेशकांनी तिला सार्वजनिक आरोग्याची पदवी सुचवली असून ‘म्हणजे आरोग्य क्षेत्र सुटणार नाही’ असे ते सांगतात. ही पदवी घेऊन ती नेमके काय करील? तिला रुग्ण तपासता येतील का? (एक आई, सातारा जिल्हा)

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण समुपदेशकाने ते टाळलेले दिसते. रुग्ण तपासता येणार नाहीत, औषध लिहून देता येणार नाही आणि नावापुढे ‘डॉ.’ लागणार नाही. हे तिन्ही तुमच्या मुलीला मनापासून हवे असेल, तर ही पदवी तिला तीन-चार वर्षे हुलकावणी देत राहील, आणि तो पदवीचा नव्हे तर निवडीचा दोष असेल.

आता ती काय करील ते सांगतो, आणि त्यासाठी पुण्याचेच उदाहरण घेतो. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक रुग्णालयांत दाखल होऊ लागले. हातापायांतील बळ जाणे हे या मज्जाविकाराचे मुख्य लक्षण, आणि काही रुग्णांना तर श्वासासाठी व्हेंटिलेटर लागतो. एरवी हा आजार वर्षाला लाखात एक किंवा दोघांना होतो. म्हणजे दहा लाखांच्या वस्तीत वर्षभरात दहा ते वीस, आणि महिन्याला एखाददुसरा रुग्ण अपेक्षित असतो; इथे मात्र काही आठवड्यांत पुणे परिसरात दोनशेहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. अतिदक्षता विभागातील डॉक्टरांचे काम समोरच्या रुग्णाचा श्वास चालू ठेवण्याचे होते आणि ते त्यांनी केले. पण रुग्णालयाच्या खाटेजवळ उभे राहून सुटणार नाहीत असे काही प्रश्न त्याच वेळी बाहेर उभे होते. ही संख्या नेहमीपेक्षा खरोखरच जास्त आहे, की केवळ नोंदणी सुधारली आहे? रुग्ण नकाशावर मांडले तर कोठे दाटी दिसते? त्या घरांत पाणी कोठून येते, विहिरीचे की टँकरचे, आणि त्यात क्लोरीन किती उतरते? आधी जुलाब झाले होते का, आणि किती दिवस आधी? पथके घरोघर फिरली, पाण्याचे आणि शौचाचे नमुने तपासले गेले, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय दूषित पाण्याकडे वळला.

खाटेबाहेरचे हे सगळे काम म्हणजे सार्वजनिक आरोग्य. पदवीच्या वर्षांत त्याची अंगे वेगवेगळ्या विषयांच्या रूपाने शिकवली जातात. आजार कोणाला, कोठे आणि केव्हा होतो हे शोधणारे साथरोगशास्त्र, आकड्यांची पारख करणारी जैवसांख्यिकी, पाणी-हवा-सांडपाणी यांचा विचार करणारे पर्यावरणीय आरोग्य, माणसे जशी वागतात तशी का वागतात हे तपासणारी सामाजिक आणि वर्तनविषयक शास्त्रे, आणि पैसा-मनुष्यबळ-कायदे यांची सांगड घालणारे आरोग्य प्रशासन ही त्यांतील पाच मुख्य अंगे. पोषण, आरोग्य अर्थशास्त्र आणि आरोग्य संवाद यांची भर बहुतेक ठिकाणी असते.

मुलीला हे दोन परिच्छेद वाचायला द्या आणि तिचा चेहरा पाहा. तिला नांदेड गावच्या विहिरीविषयी आणखी विचारावेसे वाटले, तर तिचा विचार योग्य दिशेने चालला आहे. तिचे लक्ष अतिदक्षता विभागातच अडकून राहिले असेल, तर बी.एस्सी. नर्सिंग, फिजिओथेरपी किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञान यांपैकी काही तिला अधिक समाधान देईल. नीटमध्ये हुकलेल्यांसाठी सांत्वनाचे बक्षीस म्हणून ही पदवी विकली जाऊ लागली आहे, हे मला अजिबात रुचत नाही. ज्याला एमबीबीएसला सहज प्रवेश मिळाला असता तरी हाच विषय घ्यावासा वाटला असता, अशा विद्यार्थ्यासाठी ती आहे.

प्रश्न : मी बारावी कला शाखेत आहे. भूगोल आणि समाजशास्त्र माझे आवडीचे विषय आहेत. ‘आरोग्य’ हा शब्द आला की सगळे विज्ञान शाखाच विचारतात. माझ्यासारखीला हा विषय जमेल का? (विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर : जमेल, मात्र प्रवेशाची अट विद्यापीठागणिक वेगळी आहे. काही ठिकाणी बारावीला जीवशास्त्र असावेच लागते, तर काही ठिकाणी कोणतीही शाखा चालते. तेव्हा अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वी ती अट लेखी स्वरूपात वाचून घ्यावी.

विषयाच्या बाजूने पाहिले तर समाजशास्त्राची जाण असलेले विद्यार्थी या क्षेत्राला हवेच आहेत, आणि ती नसली की काय होते याचा सर्वात कडू धडा आपल्याच इतिहासात आहे. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९७च्या जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच वर्षी साथरोग कायदा झाला, जो २०२०मध्ये कोविडच्या काळातही वापरला गेला. म्हणजे त्या काळाच्या मानाने विज्ञानही होते आणि कायदाही होता. पुण्यात मात्र रँडच्या अधिकाराखाली सैनिक घराघरांत शिरले, देवघरे आणि माजघरे धुंडाळली गेली, स्त्रियांच्या तपासणीत मर्यादा राहिली नाही, आणि लोक रुग्ण लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगचे रुग्ण आणून त्यांची शुश्रूषा करीत होत्या, आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. एकाच शहरात, एकाच ऋतूत, रुग्णांना घराबाहेर काढण्याच्या या दोन रीती होत्या. त्यांतील फरक जीवशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही, तो समाजशास्त्रातच शोधावा लागतो.

एक अट मात्र माझ्याकडून. गणिताशी फारकत घेऊन हा विषय जमत नाही. टक्केवारी, गुणोत्तर, दर आणि सरासरी यांचा दहावीपर्यंतचा पाया सुट्टीत पुन्हा पक्का करावा. पुढची सांख्यिकी त्याच्यावरच उभी राहते. भूगोलाची आवड असल्यास क्यूजीआयएस हे विनामूल्य नकाशा सॉफ्टवेअर आतापासूनच हाताळायला सुरुवात करावी.

प्रश्न : मी या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नातेवाईक याला ‘फवारणीचे शिक्षण’ म्हणतात, ते मी हसण्यावारी नेतो. पण शासकीय नोकरीच्या जाहिराती पाहिल्या तर माझ्या पदवीचे नाव कोठेच दिसत नाही. आमची फसगत झाली आहे का? (विद्यार्थी, पुणे)

उत्तर : फसगत हा शब्द कठोर आहे, पण तुमचे निरीक्षण खरे आहे आणि ते तुम्ही शेवटच्या वर्षापूर्वी केले ही चांगली गोष्ट झाली.

आपल्याकडील शासकीय आरोग्य यंत्रणेतील पदे शैक्षणिक पात्रतेने घट्ट बांधलेली आहेत, आणि ती पात्रता ठरवली गेली तेव्हा ही पदवी अस्तित्वातच नव्हती. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी या पदांसाठी वैद्यकीय पदवी लागते. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या पदासाठी महाराष्ट्रात आयुर्वेद, युनानी किंवा नर्सिंगचे पदवीधर सहा महिन्यांचे प्रशिक्षण देऊन घेतले गेले आहेत. महापालिका आणि नगरपालिकांतील स्वच्छता निरीक्षकासाठी स्वतंत्र पदविका मागितली जाते. मुंबईची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था ती कित्येक वर्षे चालवते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील जिल्हा साथरोगतज्ज्ञाची जाहिरात पाहाल तर ‘कोणतीही वैद्यकीय पदवी आणि त्यासोबत एमपीएच’ अशा धर्तीची अट वारंवार आढळेल. या वाक्यातील ‘आणि’ हा शब्द तुम्हाला बाहेर ठेवतो. आयुर्वेद किंवा दंतवैद्यकाचा पदवीधर एमपीएच करून त्या खुर्चीत बसू शकतो, आणि सहा वर्षे फक्त सार्वजनिक आरोग्यच शिकलेला विद्यार्थी बसू शकत नाही, ही विसंगती आहे. ती दूर व्हावी असे मला वाटते, पण तुमचे लग्न, घरभाडे आणि शैक्षणिक कर्जाचे हप्ते ती दूर होण्याची वाट पाहणार नाहीत.

मग दारे उघडी आहेत ती कोणती? पहिले दार संशोधनाचे आहे. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची धुरा सांभाळते. पुण्याजवळ वढू येथे केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचे ग्रामीण आरोग्य काम अनेक वर्षांपासून चालू आहे. अशा संस्थांना आणि त्यांच्या भोवतीच्या असंख्य प्रकल्पांना क्षेत्र पर्यवेक्षक, संशोधन साहाय्यक आणि माहिती विश्लेषक सतत लागतात. दुसरे दार स्वयंसेवी संस्थांचे आहे. तेथे काम भरपूर असते, पण पगार प्रकल्पाच्या निधीवर अवलंबून असतो. २०२५मध्ये अमेरिकेची यूएसएआयडी ही परदेशी मदत देणारी संस्था गुंडाळली गेली, तेव्हा हा निधी किती लांबच्या निर्णयावर टांगलेला असतो हे आपल्याकडील अनेक कार्यकर्त्यांना कळले. विमा कंपन्या, रुग्णालयांतील गुणवत्ता विभाग आणि कारखान्यांतील आरोग्य व सुरक्षितता विभाग हे तिसरे दार, आणि कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी हाताळणारे विभाग हे चौथे. या सर्व ठिकाणी पदवीच्या नावापेक्षा तुम्हाला काय येते ते विचारले जाते.

काय यावे, याविषयी माझा एक अनुभव सांगतो. मी काही वर्षे जिल्हा पातळीवरील प्रकल्पांसाठी उमेदवारांच्या मुलाखती घेत असे. प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारत असे : एका गावात वर्षभरात सहा अर्भकमृत्यू झाले, दुसऱ्यात तीन; जास्त काळजी कोणत्या गावाची करावी? बहुतेक उमेदवार, त्यांत उत्तम गुणांचे पदव्युत्तर पदवीधरही असत, क्षणात ‘पहिल्या’ असे म्हणून मोकळे होत. एखादीच विचारत असे, ‘सर, दोन्ही गावांत जन्म किती झाले?’ तिची निवड मी त्याच वाक्यावर करीत असे. त्याहून पुढे जाऊन ‘आणि मृत्यूची नोंद दोन्हीकडे सारखीच होते का?’ असे विचारणारा उमेदवार मला इतक्या वर्षांत दोनदाच भेटला. हा प्रश्न ज्याला सुचतो त्याचे शिक्षण झाले आहे असे समजायला हरकत नाही.

तुमच्याकडे अजून दीड-दोन वर्षे आहेत. त्यात एक्सेलच्या पुढे जाऊन आर किंवा तत्सम सांख्यिकी सॉफ्टवेअर शिका, मराठीत नेटका अहवाल लिहिण्याचा सराव करा, आणि एक तरी सर्वेक्षण सुरुवातीपासून शेवटपर्यंत, प्रश्नावली बनवण्यापासून चुकीच्या नोंदी दुरुस्त करण्यापर्यंत, स्वतःच्या हाताने पार पाडा. एमपीएच करावे लागेल असे गृहीत धरूनच पुढचे नियोजन करा. नातेवाइकांना सांगा की डासांच्या अळ्या कोणत्या टाकीत सापडतात ते आधी मोजल्याशिवाय केलेली फवारणी बहुधा वाया जाते, आणि ते मोजणे तुम्ही शिकत आहात.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात हा विषय आहेच. मग त्यासाठी वेगळी पदवी काढण्याचे कारण काय? विद्यापीठांना नवे शुल्क हवे, एवढेच ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : शुल्काविषयी तुमचा संशय काही ठिकाणी बरोबर निघेल. मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र तेवढ्याने मिळत नाही.

वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचा विभाग असतो. शासकीय महाविद्यालयांत त्याच्या दारावर ‘जनऔषधवैद्यकशास्त्र’ अशी पाटी दिसते आणि विद्यार्थी त्याला पीएसएम (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) म्हणतात. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६मध्येच डॉक्टर सामाजिक दृष्टीचा असावा असे म्हणून या विषयाचा आग्रह धरला होता. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांना खेड्यात राहून कुटुंबांशी नाते जोडावे लागते, आणि तेथून बाहेर पडलेल्यांत त्याचा ठसा दिसतो. पण सर्वसाधारण चित्र असे आहे की हा विषय परीक्षेपुरता वाचला जातो, आणि नंतर सपाटीवरील तीस हजार किंवा डोंगरी-आदिवासी भागातील वीस हजार लोकसंख्येसाठी असलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसलेला वैद्यकीय अधिकारी बाह्यरुग्ण विभाग, बाळंतपणे, शवविच्छेदन, न्यायालयाचे समन्स आणि तालुक्याच्या बैठका यांत इतका गुंततो की आकडे वर पाठवण्यापलीकडे त्यांच्याकडे पाहायला त्याला सवड उरत नाही.

महाराष्ट्रातील ज्या कामांनी जगाला काही शिकवले त्यांच्याकडे पाहा. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये काम सुरू केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली. हे चौघेही उत्तम डॉक्टर, आणि चौघांनीही अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे वेगळे शिक्षण घेतले. वैद्यकीय पदवीत जे मिळाले नव्हते ते मिळवण्यासाठीच ते तिकडे गेले असणार. त्यांचे मोठेपण असे की परत आल्यावर त्यांनी ते ज्ञान डॉक्टरांपुरते ठेवले नाही. जामखेडमध्ये गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर आणि अनेकदा दलित समाजातील स्त्रिया ग्राम आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. गडचिरोलीत ३९ गावांतील आरोग्यदूत स्त्रियांना नवजात बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, जंतुदोष ओळखणे आणि प्रसंगी प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवले गेले, आणि हे काम नसलेल्या ४७ गावांशी तुलना केल्यावर तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी दिसला. हा निष्कर्ष १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात औषधाचा वाटा होता, पण तितकाच वाटा ‘तुलनेसाठी ४७ गावे का हवीत’ हे समजण्याचा होता. ती गावे नसती तर जगाने या कामाला एक चांगली सेवाभावी गोष्ट म्हणून दाद दिली असती आणि विसरून गेले असते.

तेव्हा वेगळ्या शिक्षणाची गरज आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. ते बारावीनंतर लगेच घ्यावे की आधी दुसरा एखादा विषय नीट शिकून मग घ्यावे, या मुद्द्यावर मात्र या क्षेत्रात प्रामाणिक मतभेद आहेत. संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, नर्सिंग किंवा समाजकार्य यांचा पदवीधर एमपीएचला येतो तेव्हा तो सोबत स्वतःचे एक हत्यार घेऊन येतो. थेट पदवीला येणाऱ्याकडे ते नसते, आणि तीन वर्षांत प्रत्येक विषयाचा थोडा थोडा परिचय होऊन कशातच खोली न येण्याचा धोका खरा आहे. ज्या विद्यापीठांनी अभ्यासक्रमात सांख्यिकीला आणि प्रत्यक्ष क्षेत्रकार्याला भरपूर तास दिले आहेत, तेथे तो कमी होतो.

प्रश्न : आम्ही बरीच वर्षे न्यू जर्सीत राहतो. मुलगा येथील विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य हा मुख्य विषय घेणार म्हणतो. आम्हाला वाटते की जीवशास्त्र घेतले तर पुढे वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग खुला राहील. (एक पालक)

उत्तर : तो मार्ग दोन्हीकडून खुला आहे. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर असते आणि त्यासाठी रसायन, जीवशास्त्र, भौतिकी यांसारखे ठरावीक विषय पूर्ण करावे लागतात. मुख्य विषय कोणता हे बंधन नसते. सार्वजनिक आरोग्य घेऊन हे विषय जोडीने करता येतात, फक्त पहिल्याच वर्षी सल्लागारासोबत बसून त्यांचे वेळापत्रक आखावे लागते.

तेथेही ही पदवी तुलनेने नवीच म्हणायची. जॉन्स हॉपकिन्सची सार्वजनिक आरोग्याची शाळा १९१६मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशाने सुरू झाली. त्याच प्रतिष्ठानच्या मदतीने १९३२मध्ये कोलकात्यात आपली अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था उभी राहिली. अनेक दशके हे शिक्षण दोन्ही देशांत मुख्यतः पदव्युत्तरच राहिले. २००३मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सार्वजनिक आरोग्य शिकण्याची संधी असावी अशी शिफारस केली, आणि त्यानंतर तेथे हे अभ्यासक्रम झपाट्याने वाढले. सीईपीएच ही मान्यता देणारी संस्था आता पदवी अभ्यासक्रमांचीही तपासणी करते, तेव्हा मुलाच्या विद्यापीठाचे नाव त्या यादीत आहे का ते पाहावे. २०२५मध्ये तेथील केंद्रीय आरोग्य खात्यात मोठी कर्मचारी कपात झाली, हेही ध्यानात असू द्यावे. मात्र राज्य आणि काउंटी पातळीवरील आरोग्य विभाग हे स्वतंत्र नोकरीदाते आहेत.

हेच पत्र भारतातून आले असते तर माझे उत्तर वेगळे असते. पदवी येथे आणि पदव्युत्तर शिक्षण परदेशी, हा क्रम खर्चाच्या आणि समजेच्या दोन्ही दृष्टींनी चांगला. नंदुरबारचे कुपोषण पाहून मग हॉपकिन्स किंवा लंडनला गेलेला विद्यार्थी तेथील वर्गात वेगळे प्रश्न विचारतो.

प्रश्न : मी बारा वर्षे आशा म्हणून काम करते. दहावीवर थांबले होते. १७ नंबरचा फॉर्म भरून गेल्या वर्षी बारावी झाले. गावातील एका मुलीने मला या पदवीबद्दल सांगितले. माझ्या वयात हे शक्य आहे का, आणि माझ्या कामाचा त्यात काही उपयोग धरतात का? (एक आशा ताई, नांदेड जिल्हा)

उत्तर : ताई, बारावीसाठी आधी अभिनंदन. आशांचे मासिक अहवाल, सर्वेक्षणे आणि सांभाळायला लागणारे मोबाइल ॲप यांतून वेळ काढून ही परीक्षा देणे किती कठीण असते ते मी जवळून पाहिले आहे.

बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तुम्ही ज्या गृहभेटी देता, त्या वर उल्लेख केलेल्या गडचिरोलीच्या प्रयोगातून आल्या आहेत. २०११पासून त्या देशभर आशांच्या कामाचा भाग झाल्या. म्हणजे पदवीचे विद्यार्थी जे पुस्तकात वाचतात ते तुम्ही बारा वर्षे दारोदार जाऊन करीत आहात. तरीही प्रवेशाच्या नियमांत या अनुभवाला थेट गुण मिळतील अशी आशा धरू नका, आणि आशाचे काम सोडून दूरच्या शहरात तीन वर्षे पूर्णवेळ पदवीला जाण्याचा सल्ला मी देणार नाही. तुमच्यासाठी अधिक सोयीचा मार्ग असा : नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून घरी राहून पदवी पूर्ण करा, विषयांत समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्र घ्या, आणि त्यानंतर एमपीएचचा विचार करा. अनेक संस्था एमपीएचसाठी वैद्यकीय नसलेल्या पदवीधरांनाही घेतात, आणि त्यांच्या मुलाखतीत तुमच्या बारा वर्षांना खरी किंमत येते.

त्या मुलाखतीची तयारी मात्र आजपासून करावी लागेल. अर्जातील अनुभवाच्या रकान्यात ‘आशा, बारा वर्षे’ एवढेच लिहिणाऱ्या अनेक जणी मी पाहिल्या आहेत. त्याऐवजी दरवर्षी गावात किती जन्म झाले, त्यांतील किती घरी आणि किती दवाखान्यात, अडीच किलोपेक्षा कमी वजनाची बाळे किती, किती बाळांना तुम्ही वेळेत वर पाठवले आणि त्यांचे पुढे काय झाले, हे वर्षवार एका वहीत उतरवून काढा. कुटुंबांची नावे त्यात लिहू नका, फक्त आकडे. आणि जुन्या नोंदवह्या या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जाणार नाहीत, हे घरातल्यांना आधीच सांगून ठेवा.